वाऱ्याची माती की तापीची?

सर,

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी काकूंनी मला गच्चीवर पाठवले. "त्यांच्या पराती तेवढ्या खाली आण गं मंगला. मला जिना चढवत नाही आता," म्हणाल्या. खाली सतरंजीवर माणसे बसली होती. मेहरूणच्या तलावावरून येणारा वारा खिडकीचा पडदा हलवत होता आणि जो तो त्या पडद्याकडेच बघत होता, कारण काकूंकडे बघवत नव्हते.

पाण्याच्या टाकीशेजारी विटांवर तुमच्या तिन्ही पराती होत्या. तळाशी काचेच्या गोट्या आणि गोट्यांच्या फटींत यंदाच्या उन्हाळ्याची धूळ. चैत्रात वारा सुटला की पराती मांडायच्या आणि वळीव कोसळायच्या आत उतरवायच्या, हा तुमचा नेम. गोट्या कशाला, तर एकदा बसलेली धूळ पुन्हा उडू नये म्हणून. रानात गवत जे काम करते तेच परातीत गोट्या करतात, असे तुम्ही सांगायचात. यंदा पराती मांडल्या तुम्ही, उतरवायला मात्र मी. तुम्ही शिकवले होते तसे वाऱ्याकडे पाठ केली, वर फडके झाकले आणि एकेक परात छातीशी धरून खाली आणली.

"ती मधली माझ्या लग्नातली," काकू म्हणाल्या. "चार दिवस कणीक मळली असेल तिच्यात. मग जी गच्चीवर गेली ती गेलीच." तीन दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी पदर तोंडाला लावला.

भाऊ दाराशी उभा होता. माझा थोरला भाऊ, सावद्याजवळच्या आमच्या गावाहून पहाटेच निघून आला होता. आमच्या दोघांच्या मनात त्या वेळी एकच गोष्ट होती, हे मला पक्के ठाऊक आहे. आमच्या वावराच्या मधोमध उभा असलेला तुमचा मातीचा खांब. "सर हायेत तवलोक त्याले हात लावनार नही," असा शब्द भाऊने तुम्हाला दिला होता. शब्द तेवढाच होता. तुम्ही असेपर्यंतचा.

म्हणून हे लिहिते आहे, सर. लोक तुमच्या नोकरीची वर्षे सांगतील, पदव्या सांगतील. मला त्या खांबाचे सांगायचे आहे, आणि त्या खांबात जो आपला वाद अडकून राहिला आहे त्याचे.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नव्हते. जळगावच्या कॉलेजात मी भूशास्त्र घेतले ते केवळ त्या विषयाला जागा शिल्लक होती म्हणून. पहिल्याच वर्षी तुम्ही तापीकाठी सहल काढली आणि आबांनी, माझ्या वडिलांनी, सरळ नाही म्हटले. त्यांच्या दृष्टीने पोरगी शिकायला गेली होती, दगड फोडायला नाही. मी तुम्हाला निरोप सांगितला आणि मनातून तो विषय सोडून दिला. पुढच्या रविवारी तुम्ही काकूंना घेऊन एसटीने आमच्या गावात हजर.

फाट्यापासून पायी येताना तुम्ही नाल्याच्या काठची ढेकळे उचलून बघत होतात. आमच्या ओट्यासमोर आलात तेव्हा त्यातलेच एक तुमच्या तोंडात होते. आबा खाटेवर बसून बघत होते.

"मास्तर, माती खाऊन राह्यले का तुम्ही?"

"चव बघतो, आबा."

"मंग? मीठ-मिरची बराबर हाये का?"

"दाताखाली करकरते," तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात. "चिकण कमी आहे हिच्यात. पाणी धरत नसेल. केळीला पाणी देता देता जीव जात असेल तुमचा."

"जाते खरा," आबा म्हणाले. मग त्यांनी खाटेवर सरकून तुम्हाला जागा केली. चहा आला. पोरीला शिकू द्या, सहलीला ही स्वतः बरोबर असेल, असे तुम्ही काकूंकडे हात करून सांगितलेत. आबांनी शेवटचा खडा टाकून बघितला, "पन ह्या दगडा-मातीच्या शिक्षनानं पोट भरते का, मास्तर?"

"माझे भरते आहे."

"तुमचं त मातीवरच भरते. ते दिसलंच आत्ता."

काकूंना इतका ठसका लागला की आईने पाणी आणून दिले. त्या दिवसापासून मी प्रत्येक सहलीला गेले आणि काकूही आल्या. कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत घेऊन त्या बाभळीखाली बसत आणि आम्ही उन्हात दरडी खरवडत असू. आज मी धुळ्याला मुलींना घेऊन पांझरेकाठी जाते तेव्हा एखाद्या मुलीचे वडील नाही म्हणतातच. मग मी त्यांच्या घरी जाते. माती मात्र चघळत जात नाही. तेवढे धैर्य माझ्यात नाही.

तुम्ही आबांना भेटायला आलात त्याच दिवशी संध्याकाळी मी तुम्हाला आमच्या वावरामागची दरड दाखवली. नाला तापीला मिळतो तिथली. लहानपणी आम्ही तिच्यावरून घसरगुंडी खेळायचो आणि घरी मार खायचो. दीड-दोन पुरुष उंच, भिंतीसारखी सरळ, वरपासून खालपर्यंत पिवळट आणि तांबूस पट्टे. तुम्ही खुरप्याने थोडी जागा साफ केलीत, बोटांत माती चोळलीत, ती पिठासारखी उडाली. तुम्ही मागे सरकलात, पुन्हा पुढे आलात. धुळ्याकडच्या खेड्यातले तुम्ही, वर्गात कसे जपून शुद्ध बोलायचात. पण त्या क्षणी तुमच्या तोंडून तुमची अहिराणी बाहेर पडली.

"मंगला, दख! हाई पानीनं काम नही शे. हाई बठ्ठी वारानी माटी शे!"

मग तुम्ही मला ती दरड वाचून दाखवलीत. पिवळा पट्टा म्हणजे कोरडा काळ. पावसाने पाठ फिरवलेली, तापी आक्रसून गेलेली, तिचे पात्र मैलोन्‌मैल उघडे. त्या उघड्या पात्रातला बारीक गाळ वारा उचलत राहिला आणि काठावर टाकत राहिला, पिढ्यान्‌पिढ्या. तांबूस पट्टा म्हणजे पाऊस परतला, गवत आले, मुळांनी माती धरली, ती मुरली, लाल झाली, तिच्यात चुनखडीचे खडे धरले. मग पुन्हा पिवळा. हजारो वर्षांचा पाऊस आणि हजारो वर्षांचा दुष्काळ माझ्या घसरगुंडीत एकावर एक रचून ठेवला होता. "पंचांगच आहे हे," तुम्ही म्हणालात. "फक्त खालून वर वाचायचे."

मी भारावून जायला हवे होते. गेलेही. पण तोंडातून वेगळेच निघून गेले. "सर, पण पूर येऊन गेल्यावर आमच्या वावरात अशीच माती राहते. वाळल्यावर अशीच पिठासारखी होते. तिच्यातही थर दिसत नाहीत."

पहिल्या वर्षाची मुलगी, बापाने कालपर्यंत सहलीलाही न सोडलेली. दुसरे कोणी असते तर हसून सोडून दिले असते. तुम्ही माझ्याकडे वळलात. "मग फरक कसा ओळखायचा? सांग."

"नदी टेकडीवर चढत नाही," मी म्हणाले. "वारा चढतो. वाऱ्याने आणली असेल तर ही माती टेकडीवरपण पाहिजे."

तुम्ही दरडीकडे बघितलेत, मग उत्तरेला, जिथे सातपुडा निळा दिसत होता. "चला," म्हणालात. "टेकड्या शोधाव्या लागणार."

आणि तुम्ही खरेच शोधल्यात. दर हिवाळ्यात, रावेर-यावलच्या बाजूने, सातपुड्याच्या पायथ्याने. कधी मी बरोबर, कधी नाही. पिवळी माती टेकडीवर सापडली नाही. "पावसाने धुऊन नेली असणार," तुम्ही म्हणायचात. "जी सापडलीच नाही ती तुमच्या बाजूने साक्ष कशी देणार, सर?" मी म्हणायचे. मग तुम्ही काकूंना सांगायचात, "हिला आज डबा देऊ नका." काकू भाकरीवर भरीत जरा जास्तच घालून माझ्या हातात द्यायच्या.

परातींची कल्पना त्यातूनच निघाली. खऱ्या वाऱ्याची खरी धूळ कशी असते ते आधी बघू, मग दरडीतल्या मातीशी ताडून बघू. तेव्हा तुम्ही डाळ मिलच्या पाठीमागे भाड्याने राहत होतात. पहिल्या उन्हाळ्यात पराती उतरवल्या तर तळाशी फिकट पिवळा, मऊ, एकसारखा थर. तुमचा आनंद मी विसरणार नाही. सगळ्या वर्गाला तुम्ही भिंग फिरवत दाखवलेत. "कण बघा! एका चाळणीतून काढल्यासारखा. वाराच असा निवडतो, नदीला हे जमणार नाही." मी तुमच्याच शिकवणीप्रमाणे चिमूटभर जिभेवर ठेवली. करकर नाही. उलट थोडी गोडूस चव, आणि ओळखीची.

"सर," मी म्हणाले, "ही चुनी आहे."

"काय?"

"तुरीची चुनी. आमच्या गोठ्यात म्हशीला हीच घालतात."

तुम्ही स्वतः चिमूट घेतलीत, चघळलीत, डोळे मिटलेत. आणि मग भिंतीला टेकून खाली जमिनीवर बसलात आणि इतके हसलात की डोळ्यांतून पाणी आले. "खानदेशच्या हवामानाचा इतिहास लिहायला निघालो," तुम्ही म्हणालात, "आणि तूरडाळीच्या हंगामाचा लिहून बसलो." दुसऱ्या कोणी ती गोष्ट पुरून टाकली असती. तुम्ही ती दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्याच तासाला सांगितलीत, आपणच आपली नक्कल करून. ज्याला आपली चूक सांगताना मजा येते त्याला फसवणे अवघड असते, हे मी तुमच्याकडे बघून शिकले. तुम्ही घर बदलून मेहरूणला आलात तेही त्या परातींपायी. काकू सांगायच्या, "लोक शाळा बघून घर घेतात, आम्ही वारा बघून घेतले."

पुण्याची ती सभा. मी तेव्हा तिथेच पुढचे शिकत होते. मोठमोठे अभ्यासक जमले होते आणि तुम्ही आमच्या दरडीवर बोलणार होतात. चांगले बोललात. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारले की ही माती पुराची नसेल कशावरून. तुमच्याजवळ उत्तर होते. कणांचा आकार होता, दरडीचा सरळ उभेपणा होता, गवताच्या मुळांच्या चुन्याने भरलेल्या बारीक नळ्या होत्या. ते सगळे तुम्ही सांगितलेत. आणि मग, कोणी विचारले नसताना, म्हणालात, "पण माझी एक विद्यार्थिनी ही पुराची माती मानते. तिचा एक मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. ती इथे मागे बसली आहे. तिने तो स्वतः मांडावा."

सुती साडी, मोडके इंग्रजी, मध्येच मराठी. नदी टेकडीवर चढत नाही, एवढे एकच वाक्य मी नीट बोलले असेन. त्या गृहस्थांनी मान डोलावली आणि मला विचारले, "तुम्ही कुठल्या?" माझ्या तोंडून माझ्या गावाचे नाव निघाले. त्या दालनात ते नाव बहुधा पहिल्यांदाच उच्चारले गेले असेल. तुम्ही व्यासपीठावर उभे होतात आणि तुमचा चेहरा असा फुलला होता की जणू तुमचे म्हणणे मान्य झाले. वास्तविक तुमच्या म्हणण्याला भर सभेत भोक पडले होते, आणि ते तुम्ही स्वतः पाडायला लावले होते.

आपले खरे भांडण त्यानंतर झाले. मला धुळ्याला नोकरी लागली होती. आबा गेले होते, शेती भाऊ बघत होता. आमच्या भागात ठिबकच्या नळ्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या आणि लोक चढउताराच्या पडीक जमिनी सपाट करून केळीखाली आणत होते. भाऊने सांगितले, दरड काढायची ठरली आहे, पुढच्या आठवड्यात डोझर येणार. मी धावत तुमच्याकडे आले. "सर, काहीतरी करा. कलेक्टरकडे अर्ज करू, पेपरात देऊ. अशी दरड पुन्हा मिळणार नाही."

तुम्ही चष्मा पुसत राहिलात. "कोणाविरुद्ध अर्ज? तुझ्या भावाविरुद्ध?"

"मी समजावते त्याला."

"काय समजावशील? मी दरडीपुढे चार दिवस बसतो आणि घरी येऊन पंख्याखाली झोपतो. त्याला त्याच जमिनीवर घर चालवायचे आहे. माझ्या वाऱ्यासाठी त्याची केळी अडवायची नाही."

"मग तुमची इतकी वर्षे? ती डोझरखाली घालायची?"

तुम्ही चष्मा डोळ्यांवर चढवलात आणि दरड एकदा शेवटची बघून येऊ म्हणालात. सावद्यापर्यंतच्या एसटीत मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. तुम्ही खिडकीतून शेते बघत होतात. मला तेव्हा वाटले, सर खचले. आता वाटते, तुम्हाला तुमचे काम प्रिय होते, पण ते दुसऱ्याच्या ताटातून उचलून घ्यायचे नव्हते. हे कळायला मला उशीर लागला आणि हे मी तुम्हाला कधी सांगितले नाही.

आपण पोहोचलो तेव्हा डोझर ठरल्याआधीच येऊन गेला होता आणि दरड गेली होती. सपाट पिवळी जमीन, आणि मधोमध एकच खांब, खाटेएवढा रुंद, पूर्वीच्या दरडीइतका उंच. खोदकाम करणारे असा न खोदलेला खांब ठेवतात, किती माती काढली ते त्याच्यावरून मोजायला. मोजणी झाली की पाडतात. सगळे पट्टे त्याच्यावर चारही बाजूंनी दिसत होते, दरडीपेक्षाही स्वच्छ. तुम्ही त्याच्याभोवती फिरलात.

"भाऊ, हा कधी पाडणार?"

"मोजनी झाली का पाडतात, सर."

"तुमची झाली?"

"झाली ना. सकायीच झाली."

"माझी बाकी आहे," तुम्ही म्हणालात.

भाऊने खांबाकडे बघितले, तुमच्याकडे बघितले. त्याला हसू आवरेना. "किती दिवस लागतीन?"

तुम्ही खोटे बोलू शकला असता. महिनाभर म्हणाला असता. "माहीत नाही," म्हणालात.

भाऊ बराच वेळ डोके खाजवत राहिला. शेवटी म्हणाला, "मंग असं करू. सर हायेत तवलोक त्याले हात लावनार नही."

तो खांब तिथे राहिला. केळीच्या ओळी त्याला टाळून लागल्या, ठिबकची नळी वळसा घालून गेली. पावसाळ्यात भाऊ कुरकुरत त्याच्यावर प्लास्टिक आणि केळीची वाळली पाने बांधू लागला. येणारे-जाणारे विचारायचे, "हे काय नवीन दैवत?" एकदा कोणीतरी खरेच त्याला शेंदूर लावून नारळ फोडून गेले. तुम्हाला कळले तेव्हा तुमची काय तारांबळ! "अहो भाऊ, शेंदूर लावायचा तर तळाला लावू द्या. वरच्या पिवळ्या पट्ट्याला नको!" भाऊ म्हणाला, "देवाच्या पायालेच लावतात सर, तुम्ही काळजी करू नका." तळाशी तो शेंदूर अजून आहे.

मग तुम्ही तो नमुना घेतलात. मातीच्या कणावर शेवटचे ऊन पडून किती काळ लोटला, हे गुजरातेतल्या एका प्रयोगशाळेत काढता येऊ लागले होते. अट एकच, खांबातून काढलेल्या मातीने वाटेत उजेड बघायचा नाही. एकदा बघितला की आतली सगळी आठवण पुसली जाते. वरच्या पिवळ्या पट्ट्यात आपण लोखंडी नळी ठोकली, दोन्ही तोंडांना काळे कापड बांधले, आणि नळी घेऊन एसटीने जळगावला निघालो. जकात नाक्यावर नाकेदार गाडीत चढला.

"नळीत काय हाये? उघडा."

"उघडता येणार नाही. आतल्या मातीला ऊन दाखवायचे नाही."

"का? नवी नवरी हाये का?"

सगळी गाडी हसली. तुम्ही त्याला तिथे उभ्या उभ्या विज्ञान समजावू लागलात. त्याने शांतपणे ऐकून घेतले. "साहेब, सोन्याच्या जळगावात हाये मी. सोनं असंल त सरळ सांगा ना."

तुम्ही पिशवीतून काकूंची चादर काढलीत, घडीवर घडी घातलीत, नळी तिच्याखाली घेतलीत आणि एका तोंडाचे कापड आतल्या आत सोडलेत. "घाला हात. हाताने बघा. डोळ्यांनी नको." नाकेदाराने कोपरापर्यंत हात चादरीत घातला. सगळी गाडी वाकून बघत होती. त्याचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"माती हाये."

"तेच म्हणतोय मी."

"निव्वळ माती?"

"निव्वळ."

त्याने हात बाहेर काढला, बोटे बघितली, चादर बघितली आणि कंडक्टरला म्हणाला, "जाऊ दे भो यांना. लई गरीब मानसं हायेत." नळीच्या तोंडाशी असलेली माती तशीही टाकूनच द्यायची असते, हे तुम्ही मला घरी आल्यावर सांगितलेत. वाटेत सांगितले असते तर माझा अर्धा जीव वाचला असता.

उत्तर आले ते असे की आकडा भरवशाचा नाही, पुन्हा नमुना पाठवा. मी दोन दिवस नीट जेवले नाही. तुम्ही मात्र भेटेल त्याला आनंदाने सांगत होतात, "अजून माहीत नाही." हे तीन साधे शब्द तुम्ही जसे ताठ मानेने उच्चारायचात तसे मी नंतर कुठल्याच विद्वानाच्या तोंडून ऐकले नाहीत. दुसरी नळी पुढच्या हिवाळ्यात ठोकू म्हणालात. त्या हिवाळ्यात तुमच्या छातीत दुखू लागले.

आपली शेवटची भेट माघात झाली. मेहरूणच्या तलावाकाठी तुम्ही हळूहळू चालत होतात, मध्येच थांबत होतात, आणि पक्षी दाखवायच्या निमित्ताने थांबलो असे दाखवत होतात.

"मंगला, खरं सांग. तुला अजून पूरच वाटतो?"

"खालचे पट्टे पुराचेच," मी म्हणाले. "वरच्या पिवळ्याचे सांगत नाही."

तुम्ही हसलात. "म्हणजे अर्धी वाऱ्याकडे आलीस."

मी अर्ध्याहून जास्त आले होते, सर. धुळ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत मी वरच्या पट्ट्याची माती आणि तुमच्या परातीतली धूळ शेजारी शेजारी ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली होती. चुनी नसलेल्या परातीतली, मेहरूणची. दोन्ही कण असे सारखे होते की कुठली काच कोणती ते मला खूण बघून ठरवावे लागले. हा पुरावा पक्का नव्हे, हे तुम्हीच आधी म्हणाला असता. दुसऱ्या नळीचा आकडा आला की एकदमच सांगू, असे मी मनाशी ठरवले होते. आणि एक खरे सांगू? मला भीती वाटत होती. वाद संपला तर तुम्ही धुळ्याला कशासाठी येणार? तुम्ही दर महिन्याला येऊन माझ्या टेबलासमोर बसायचात आणि पहिलाच प्रश्न विचारायचात, "काय, आज वारा का पाणी?" तो प्रश्न मला हवा होता. उत्तराची मला घाई नव्हती.

तुमचा दहावा झाल्यावर मी भाऊबरोबर गावी गेले. जुनी केळी काढून झाली होती, वावर मोकळे होते, आणि त्या मोकळ्या वावरात तो एकटा खांब नेहमीपेक्षा उंच दिसत होता. मजूर नव्या लागवडीच्या ओळी आखत होते. दोघांनी दोरी ताणून धरली होती आणि ती दोरी बरोबर खांबावर जाऊन अडत होती.

त्यातल्या एकाने भाऊला हाक मारली. "भाऊ, तुमचे सर त गेले म्हन्तात. हा पाडू का मंग? लाइन सरय जाईन."

वावर भावाचे होते. आणि आपल्या वाऱ्यासाठी त्याची केळी अडवायची नाही, हे तुम्हीच मला शिकवून गेला होतात.

भाऊ खांबापाशी गेला. त्याने वरचे वाळलेले पान काढले, पिवळ्या पट्ट्यावर तळवा ठेवला, आपल्या नळीचे भोक बोटाने चाचपले. मग माझ्याकडे वळला.

"सरांची मोजनी झाली का?"

"नाही," मी म्हणाले.

"किती दिवस लागतीन?"

"माहीत नाही."

भाऊने मान हलवली, जणू एवढेच त्याला ऐकायचे होते. "मंग कसा पाडता?" तो मजुरावर ओरडला. "मोजनी झाल्याबिगर खांब पाडतात का कुठी? एवढी वर्सं खोदून राह्यला, एवढं ठाऊक नही तुले?"

मजुराने दोरी उचलली, खांबाला वळसा घातला आणि ओळ पुढे नेली.